लॅटिन दोमिना, प्राकृत अत्ता : प्रेमकवितेच्या शब्दसंग्रहाचा प्रश्न

शब्दसंग्रह ही काव्याभ्यासाची पूर्वतयारी मानली जाते. आधी शब्द पाठ करावेत, रूपे पक्की करावीत आणि मग काव्याकडे वळावे, हा क्रम अभिजात भाषांच्या अध्यापनात इतका रुळलेला आहे की त्यामागील गृहीतक सहसा कोणी तपासत नाही. शब्दाला एक अर्थ असतो, तो कोशात मिळतो आणि काव्य त्या अर्थावर नंतर काहीतरी संस्कार करते, असे ते गृहीतक आहे. वर्णनपर किंवा शास्त्रीय ग्रंथांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. प्रेमकवितेच्या बाबतीत मात्र ते हमखास फसवते. प्रेमकवितेला स्वतःचे असे शब्द फार थोडे असतात. घरातले, शेतातले, न्यायालयातले, सैन्यातले, सावकाराच्या वहीतले शब्द उचलून ती आपले काम भागवते. म्हणूनच तिचे शब्द सोपे असतात, आणि सोप्या शब्दासाठी कोश उघडणारा वाचक पहिल्या अर्थापाशीच थांबतो. लॅटिनमधील ‘पुएल्ला’ म्हणजे मुलगी, ‘दोमिना’ म्हणजे स्वामिनी. महाराष्ट्री प्राकृतातील ‘अत्ता’ म्हणजे सासू, ‘पहिअ’ म्हणजे पथिक. यांतील एकही अर्थ चूक नाही. तरीही एवढ्या भांडवलावर प्रॉपर्शियस किंवा ‘गाथासप्तशती’ वाचावयास बसणाऱ्याच्या हाती जे लागते, ते मधल्या भाषेने दिलेले सारांशवजा काहीतरी असते.

लॅटिन शोकवृत्तातील प्रेमकविता आणि हाल सातवाहनाच्या नावावर असलेला गाथाकोश यांना एकत्र आणण्याचे कारण कालसामीप्य हे नव्हे. कॅटलस इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या मध्यास गेला. ऑव्हिडचा जन्म इ. स. पू. 43 चा. गाथाकोशाच्या संकलनाचा काळ वादग्रस्त असून परंपरा त्याला पहिल्या शतकात नेते, तर अनेक अभ्यासक त्याचे आजचे रूप त्यानंतरच्या शतकांत घडले असे मानतात. दोन्हीकडील जगे परस्परांना अनोळखी नव्हती, एवढे मात्र निश्चित. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. थोरल्या सारगनसच्या काळात हे रीतसर बंदर होते, पुढे सन्दनेसच्या हाती गेल्यावर तेथे अडथळे आले आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरकडे माल चढत असे. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे दाते भेटतात. इ. स. 79 मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत 1938 साली सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी तेर आणि भोकरदन येथील प्रतिमांचे साम्य सर्वश्रुत आहे. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, ही थोरल्या प्लिनीची तक्रारही तशीच प्रसिद्ध. मात्र मालाची ये-जा झाली म्हणून काव्याचीही झाली, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला थांबवावयास हवे. बाजारपेठेच्या नात्यावरून काव्याचे नाते सिद्ध होत नाही. येथील तुलना प्रभावाची नसून वाचनाची आहे. आजच्या मराठी अभ्यासकाला यांपैकी एक भाषा पूर्णतः परकी आहे आणि दुसरी आपल्याच घराची जुनी भाषा वाटते. कोणती जास्त दगा देते, हा प्रश्न आहे.

परक्या भाषेपासून आरंभ करणे सोयीचे आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबई विद्यापीठात संस्कृत, फारसीबरोबर लॅटिन ही अभिजात भाषा म्हणून घेता येत असे. त्याआधीपासून आणि नंतरही ती गोव्यातील राशोलसारख्या सेमिनरींत धर्मशिक्षणाची भाषा होती. मराठी समाजात लॅटिन आली ती अशी चर्चच्या आणि कायद्याच्या दाराने. ‘हेबियस कॉर्पस’ आणि ‘अ‍ॅलिबी’ हे शब्द वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. कॅटलस ठाऊक असणारे विरळा. त्यामुळे मोहन्यात राहून आंबिवली स्थानकावरून मुंबईला ये-जा करणाऱ्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला रोमन प्रेमकविता मुळातून वाचावीशी वाटलीच, तर त्याला इंग्रजीतून लॅटिन शिकावी लागते. शब्दाच्या एका बाजूस लॅटिन रूप, दुसऱ्या बाजूस इंग्रजी प्रतिशब्द, आणि त्यावरून मनातल्या मनात तिसरा मराठी शब्द. या तिसऱ्या शब्दाची दखल अध्यापनात कोठेच घेतली जात नाही, पण कवितेचा निकाल तोच लावतो.

‘दोमिना’ हा शब्द घ्यावा. तो ‘दोमुस’, म्हणजे घर, या शब्दाच्या कुळातला. दोमिना ही घराची, आणि त्यातही घरातील गुलामांची, धनीण. प्रॉपर्शियस आणि टिबुलस आपल्या प्रेमपात्राला हा शब्द लावतात तेव्हा स्वतःला त्या घरातील गुलाम ठरवितात. ‘सेर्वितिउम’ ही त्यांची लाडकी कल्पना गुलामगिरीची आहे, सेवेची नव्हे. तिच्यात साखळदंड आहेत, फटके आहेत, डाग आहेत. मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी ‘स्वामिनी’ आणि ‘दास्य’ हे शब्द उभे राहतात. पण मराठीत दास्य या शब्दावर भक्तिपरंपरेचे शतकानुशतकांचे लेणे चढलेले आहे. नवविधा भक्तीत त्याला स्थान आहे, समर्थ स्वतःला दास म्हणवितात, आणि दासपण हे येथे पदवीसारखे मिरविले जाते. रोमन स्वतंत्र नागरिकाने स्वतःला गुलाम म्हणवून घेणे ही पदवी नव्हती, ती बेअब्रू होती. ज्या समाजात गुलामाचे शरीर मालकाच्या मर्जीवर होते आणि ते रोज डोळ्यांसमोर होते, तेथे हा शब्द उच्चारण्यात निर्लज्जपणा होता व तोच कवीला हवा होता. ‘स्वामिनी’ हा प्रतिशब्द नेमका हा निर्लज्जपणा पुसून टाकतो. ‘मालकीण’ हा शब्द त्या मानाने गावंढळ, किंचित हास्यास्पदही. परंतु जेथे बायका नवऱ्याला ‘मालक’ किंवा ‘धनी’ म्हणत आल्या, त्या समाजात एखाद्या पुरुषाने प्रेयसीला ‘मालकीण’ म्हणावे यात जी उलथापालथ आणि जे हसू आहे, ते रोमन श्रोत्याला ऐकू आले असेल त्याच्या बरेच जवळ जाते. प्रौढ शब्दापेक्षा खालच्या पायरीवरचा शब्द येथे अधिक विश्वासू ठरतो.

हेच चुंबनाविषयी. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘ओस्कुलुम’ आणि ‘सावियुम’ हे शब्द होतेच. ‘बासिउम’ हा शब्द वाङ्मयात आणला तो कॅटलसने. तो उत्तरेकडच्या व्हेरोनाचा. हा शब्द केल्टिक मुळाचा असावा असे बऱ्याच विद्वानांचे मत आहे. पुढे रोमान्स भाषांत हाच टिकला, गोव्याला परिचित असलेल्या पोर्तुगीज भाषेतील ‘बेइजू’ हा त्याचाच वंशज. म्हणजे प्रांतातला, बोलण्यातला शब्द कवीने शिष्ट काव्यात बसविला. मराठी विद्यार्थ्याच्या वहीत मात्र तिन्ही शब्दांपुढे ‘चुंबन’ असेच लिहिलेले असते, आणि ‘मुका’ हा शब्द त्याला सुचला तरी तो लिहिण्याचे धाडस होत नाही. कॅटलसच्या पाचव्या कवितेत हजार, शंभर, पुन्हा हजार अशी ही मोजदाद चालते आणि शेवटी तो सारा हिशेबच विस्कटून टाकण्याची भाषा येते. विस्कटण्यासाठी जे क्रियापद येते ते हिशेबातले, दिवाळे काढणाऱ्याच्या व्यवहारातले आहे. कवितेच्या आरंभी म्हाताऱ्यांच्या कुजबुजीची किंमतही एका क्षुल्लक नाण्यात केलेली आहे. वहीखात्याची भाषा अशी दोन्ही टोकांना आहे, हे ‘गोंधळ करणे’ एवढ्या कोशार्थाने कळणार नाही.

कॅटलसचे आणखी एक शब्दकूट पाहण्यासारखे आहे. लेस्बियाशी असलेल्या नात्याला तो ‘फोएदुस’ म्हणतो, ‘फिदेस’ म्हणतो, ‘अमिकितिआ’ म्हणतो. पहिला शब्द राष्ट्राराष्ट्रांतील तहाचा, दुसरा दिलेल्या शब्दाच्या पालनाचा, तिसरा राजकारणातील मैत्रीचा. विवाहबाह्य संबंधासाठी लॅटिनमध्ये प्रतिष्ठित शब्द नव्हता. म्हणून त्याने सिनेटमधले शब्द पळवून आणले. कायद्याच्या लॅटिनखेरीज ज्याला काही येत नाही, असा मुंबईचा विद्यार्थी स्वतःला या कवितेपासून फार दूर समजतो. वस्तुतः तोच तिच्या अधिक जवळ असतो. 72 क्रमांकाच्या कवितेत तर कवी असे म्हणतो की, सामान्य माणूस मैत्रिणीवर करतो तसे प्रेम त्याने केले नाही. बाप मुलांवर आणि जावयांवर करतो तसे केले. युरोपीय वाचक या ‘जावयां’पाशी बराच वेळ घुटमळला आहे. रोमन उच्चकुलात जावई हा घराण्याच्या राजकीय गोतावळ्यात आणलेला मुलगा असतो, आणि त्याच्यावरील माया शरीराशी संबंध नसलेली, निवडलेली, जबाबदारीची माया असते, हे उत्तर त्याला टीपेतून मिळवावे लागते. मराठी वाचकाची अडचण उलट्या जातीची आहे. जावयाला त्याच्या घरात एवढे स्थान आहे की तो अडखळतच नाही. फक्त त्याचा जावई रुसणारा, मान घेणारा, दहावा ग्रह म्हणून चेष्टेचा विषय झालेला आहे. शब्द ओळखीचा निघाल्यावर वाचक कोश उघडत नाही, आणि ग्रहदशेचे हसू अस्थानी कवितेत शिरते. ओळखीचा हा धोका लॅटिनमध्ये असा क्वचितच डोके वर काढतो. प्राकृतात तो पावलोपावली आहे.

महाराष्ट्री प्राकृत शिकण्याची प्रचलित रीत छायेची आहे. गाथेखाली तिचे संस्कृत रूपांतर छापलेले असते. विद्यार्थ्याला संस्कृत येत असते. वररुची किंवा हेमचंद्राचे वर्णलोपाचे नियम लावून तो एकावरून दुसऱ्याकडे जातो. निर्णयसागरच्या काव्यमालेने गंगाधरभट्टाच्या टीकेसह गाथा छापल्या, त्यापूर्वी आल्ब्रेश्ट वेबरने 1881 मध्ये लाइपझिगहून सर्व वाचनांतील मिळून 964 गाथांची आवृत्ती काढली, आणि 1956 मध्ये स. आ. जोगळेकरांची विस्तृत प्रस्तावनेची आवृत्ती पुण्याहून मराठीत आली. यांतील कोणत्याही पुस्तकाचा वापर मराठी विद्यार्थी बहुधा छायेच्या आधारानेच करतो. सोय म्हणून छायेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण छाया ही सोय न राहता अर्थ होऊन बसते, तेव्हा काय होते ते पाहावे. प्राकृतात स्वरांमधील व्यंजने गळतात, त्यामुळे ‘वअण’ हे एकच रूप ‘वदन’ही असते आणि ‘वचन’ही, ‘मअ’मध्ये मृग, मद, मत, मृत असे सारे दडलेले असतात, ‘कइ’ हा कवी की कपी की ‘किती’, हे प्रसंगाने ठरवावयाचे. प्रियकराच्या मुखाविषयी बोलणाऱ्या स्त्रीच्या तोंडून त्याच्या शब्दांविषयीही बोलले जात असेल, तर छाया दोहोंपैकी एकाला हाकलून देते. संस्कृत लिपिबद्ध झाले की निवड झाली. ज्या काव्याने आनंदवर्धनासारख्याला ध्वनीची उदाहरणे पुरविली, त्याचा अर्थ मधल्या भाषेने आधीच बंद करून टाकावा, हा विपर्यास प्राकृताच्या वर्गात नित्याचा आहे.

ध्वन्यालोकात आलेली, सप्तशतीतही असलेली एक गाथा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. रात्रीपुरता आसरा घेतलेल्या पांथस्थाला घरातील सून झोपण्याच्या जागा दाखविते: सासू येथे, ती स्वतः येथे, उजेडी नीट पाहून ठेव, रातांधळ्या, अंधारात भलत्याच अंथरुणावर येऊ नकोस. निषेधातून निमंत्रण, हे तिचे रहस्य साहित्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु तिच्यातील दोन साध्या शब्दांकडे फारसे कोणी पाहत नाही. पहिला, झोपण्याचे क्रियापद ‘णिमज्जइ’. त्याची छाया ‘निमज्जति’, म्हणजे बुडते, अशी होते. मग म्हातारी गाढ झोपेत जणू बुडालेली असते, आणि तीही कशी सूचकता आहे, हे समजावून सांगितले जाते. वस्तुतः हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘नि’ उपसर्गामागून येणाऱ्या ‘सद्’ धातूला ‘मज्ज’ असा आदेश सांगितला आहे, आणि उदाहरणादाखल याच गाथेचा आरंभ घेतला आहे. म्हणजे सून सांगते ते इतकेच की सासू येथे पडते. बुडण्याची प्रतिमा गाथेची नाही, छायेची आहे. घरातल्या बोलण्यात इतके साधे क्रियापद यावे आणि त्याच्या आडून तो धोक्याचा आराखडा मांडला जावा, यातच तिची कला होती. छायेने तिला अलंकार चढविला आणि तिची धिटाई मंदावली.

दुसरा शब्द ‘अत्ता’. छाया म्हणते श्वश्रू, आणि श्वश्रूपासून निघालेला ‘सासू’ हा शब्द तर प्राकृतातही होता. मग ही बाई सासूला अत्ता का म्हणते? संस्कृताच्या वाटेने या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर दक्षिणेकडे आणि महाराष्ट्राच्या घरात आहे. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे सासू, आणि बापाची बहीणही. मराठीत ‘आत्या’ म्हणजे बापाची बहीण. ज्या समाजात मुलगा मामाच्या मुलीशी लग्न करतो, तेथे त्या मुलीची सासू ही तिची आत्याच असते. इरावती कर्व्यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवर ठेवले, त्यामागे विवाहाची हीच रीत होती. आजही अनेक मराठी घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते, लग्न नात्यात झालेले नसले तरी. म्हणजे सप्तशतीतील सून जो शब्द उच्चारते, त्यात घराच्या रचनेचा नकाशा आहे. झोपलेली बाई कायद्याने झालेली परकी सासू नाही. ती बापाच्या घरातूनही नाते सांगू शकणारी, दोन्हीकडून पहारा असलेली बाई आहे. या घरात परका फक्त एक, तो पांथस्थ. ‘श्वश्रू’ या प्रतिशब्दाने एवढे सारे झाकले जाते, आणि ध्वनीच्या चर्चेत त्याचा मागमूसही राहत नाही.

छायेविरुद्धचा हा पुरावा हाती आल्यावर मराठी अभ्यासक दुसऱ्या टोकाला जातो, आणि तेथे नवी फसगत त्याची वाट पाहत असते. सोण्हा म्हणजे सून, दिअर म्हणजे दीर, छेत्त म्हणजे शेत, पोट्ट म्हणजे पोट, चिक्खिल्ल म्हणजे चिखल: अशी यादी करीत गेले की गाथा ही जणू जुनी मराठी कविताच आहे, असा आनंद होतो. जोगळेकरांच्या ग्रंथाने हा आनंद मराठी वाचकाला भरभरून दिला, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यावयासच हवे. श्वश्रू आणि कर्दम यांच्या छायेतून गाथेला बाहेर काढणारा तो पहिला मोठा मराठी प्रयत्न होता. परंतु टिकलेला शब्द टिकताना बदललेला असतो. ‘पाउस’ हा प्राकृतात ऋतू आहे, प्रावृष्. मराठीत तो आकाशातून पडतो. विरहिणी पाउसाविषयी बोलते तेव्हा सर आलेली नसते, महिने आलेले असतात. त्या महिन्यांत वाटा बंद होतात आणि बाहेर गेलेला माणूस त्याआधी परतावयास हवा असतो. ‘तुप्प’ हा देशी कोशांत स्निग्ध, माखलेले अशा अर्थाने येतो. मराठीत तो पदार्थ झाला. ‘मामि’ हा तर सापळाच. हेमचंद्राने तो सखीला हाक मारण्याचा शब्द म्हणून नोंदविला आहे, आणि त्याच रूपात मातुलानीही आहे. मराठी कानाला फक्त दुसरी ऐकू येते. गुपित समवयस्क मैत्रिणीला सांगितले जात आहे की मामीला, यावर गाथेचा सारा सूर अवलंबून असताना, ओळखीचा शब्द विचार न करताच निकाल देऊन मोकळा होतो.

नावांच्या बाबतीत हा मोह विशेष. ‘मोहने’ या गावाच्या नावात मोहन आणि मोहणे कोणालाही सहज ऐकू येईल. गाथा वाचलेल्याला त्यात ‘महुअ’ म्हणजे मोहाचे झाड ऐकू येईल, आणि गावाशेजारून वाहणारी उल्हास नदी पाहिलेल्याला ‘मुह’ म्हणजे मुख सुचेल. तिन्ही व्युत्पत्ती ऐकावयास गोड आहेत. जुन्या लेखातील रूप हाती नसता ध्वनिसाम्य हा पुरावा होत नाही, हे ग्रामनामांच्या बाबतीत सर्वांनाच मान्य असते. काव्यातील शब्दांच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो. गोलेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी फुलांनी वाकलेल्या मोहाला उद्देशून एक स्त्री बोलते, अशी गाथा सप्तशतीत आहे. त्या झाडाची आर्त विनवणी का करावयाची, हे त्याच्या पडद्याआड काय घडत आले हे कळल्याशिवाय समजत नाही. मोहाचे झाड पाहिलेले असणे उपयोगी आहे. तेवढे पुरेसे नाही.

येथे ‘देशी’ या संज्ञेविषयी थोडे बोलणे क्रमप्राप्त आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीपासून मराठी समीक्षेत देशीयता हा भूमीशी, परंपरेशी निगडित असा भरघोस मूल्यवाचक शब्द झाला आहे. हेमचंद्राची देशी मात्र एक कोरडी, नकारात्मक कोटी आहे: व्याकरणाच्या नियमांनी जो संस्कृतापासून सिद्ध करता येत नाही आणि संस्कृत कोशांतही मिळत नाही, पण प्राकृतात फार काळ चालत आला आहे, तो शब्द देशी. त्यात भूमीचा अभिमान नाही; वैयाकरणाची हतबलता आणि प्रामाणिकपणा आहे. ‘अत्ता’सारखा शब्द तर या कोटीच्या नावालाही उणेपणा आणतो, कारण त्याचे गोत्र एका देशाच्या सीमेत मावत नाही. आजच्या देशीयतेच्या आधारे सप्तशतीवर हक्क सांगणाऱ्यांनी ही अडचण पाहिलेली दिसत नाही.

त्या मानाने जुने कोशकार शब्दसंग्रहाच्या प्रश्नाविषयी अधिक जागरूक होते. धनपालाने 972 मध्ये धारेस रचलेली ‘पाइयलच्छी’ त्याने आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, रचली; ती पद्यात आहे, पाठ व्हावी म्हणून. हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ आद्याक्षर आणि अक्षरसंख्या यांनुसार लावली, आणि प्रत्येक गटातील शब्द लक्षात राहावेत म्हणून ते सर्व गुंफणाऱ्या गाथा स्वतः रचल्या. त्यांतील कितीतरी शृंगाराच्या आहेत. रिशार्ट पिशेलने 1880 मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत हा कोश संपादिताना या गाथांना मूर्खपणाच्या म्हणून हिणविले. काव्य म्हणून त्याचे म्हणणे खोटे नाही. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द एका ओळीत कोंबल्यावर दुसरे काय होणार? पण त्यामागील जाणीव पिशेलच्या हातून निसटली. बाराव्या शतकातील या जैन आचार्याला हे ठाऊक होते की शब्द एकटा शिकता येत नाही. कोणीतरी कोणाला तरी काही म्हणत आहे, अशा प्रसंगातच तो शिकावा लागतो. रडणारी विरहिणी आणि समजावणारी सखी त्याने कोशात आणल्या, त्या रसिकतेपोटी खचित नव्हेत.

कोणी, कोणाला: गाथांच्या टीकाकारांचाही हाच आग्रह असतो, आणि येथे दोन काव्यांतील भेद शब्दसंग्रहाच्या पातळीवर लख्ख दिसतो. गाथेतील निर्णायक शब्द पुष्कळदा संबोधन असते: अत्ता, सहि, मामि, पुत्ति, पिउच्छा, पहिअ. प्रेमाची गोष्ट प्रेमपात्राशी बोलली जातेच असे नाही. ती बहुधा तिसऱ्या माणसाशी, नात्यातल्या शब्दाच्या आडून, आणखी कोणी ऐकत आहे हे धरून बोलली जाते. बोलणारीला नाव नसते. लॅटिन कवितेत निर्णायक शब्द स्वामित्वदर्शक असतो. ‘माझी’ पुएल्ला, ‘माझी’ दोमिना. स्वतःला गुलाम म्हणवणाऱ्याच्या तोंडीही तो असतोच, आणि विसंगती त्यातच असते. तेथे कवी स्वतःच्या नावानिशी उभा असतो: कॅटलस कवितेत स्वतःला हाक मारतो, प्रॉपर्शियस आपल्या थडग्यावरचे शब्द सुचवितो. प्रेमपात्राला लेस्बिया, किंथिया, देलिआ अशी टोपणनावे असतात, म्हणजे नाव लपवल्याचे नाव असते. एकीकडे नात्यांचे शब्द शिकल्यावाचून काव्य उघडत नाही. दुसरीकडे तह, सैन्य, कर्ज आणि गुलामी यांचे. ऑव्हिड प्रत्येक प्रियकराला शिपाई ठरवितो, तेव्हा ते केवळ रूपक नसते. साम्राज्याने ज्या वयाच्या तरुणाकडून शिपाईगिरीची अपेक्षा केली, त्याने छावणीचे सारे शब्द शयनगृहात आणून आपली गैरहजेरी लावलेली असते. विरह, मान, अभिसार या संज्ञा हाती घेऊन गेलेल्या मराठी वाचकाला दोन्ही काव्यांत विरह, मान आणि अभिसार सापडतील. ते सापडणारच, कारण ते त्याने बरोबर नेलेले असतात.

यावरून लॅटिन अवघड आणि प्राकृत सोपे, हा समज उलटा करावा लागतो. लॅटिनच्या विद्यार्थ्याला निदान एवढे ठाऊक असते की त्याला काही येत नाही. ‘फोएदुस’पाशी तो थांबतो, टीप वाचतो. प्राकृताचा मराठी विद्यार्थी ‘पाउस’पाशी थांबत नाही. संस्कृत त्याला एका बाजूने आधार देते, मराठी दुसऱ्या बाजूने, आणि दोहोंच्या मध्ये गाथेची स्वतःची भाषा ऐकण्याची त्याला गरजच उरत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत अ. मा. घाटगे यांनी आरंभिलेल्या प्राकृत महाकोशासारख्या प्रकल्पाचे मोल यासाठी आहे की तेथे शब्दाबरोबर त्याची वापराची स्थळे मिळतात, आणि एका स्थळावरून दुसऱ्या स्थळाकडे जाताना वाचकाचा आयता अर्थ डळमळू लागतो. विद्यापीठीय परीक्षेत मात्र गाथेखाली छाया लिहावयास सांगितली जाते, आणि छाया बरोबर आली की गुण मिळतात.

अनुवादात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तेथे एक शब्द लिहावाच लागतो. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी 1991 मध्ये निवडक गाथांचे इंग्रजी अनुवाद केले, तेव्हा इंग्रजीत नात्यांचे शब्दच तुटपुंजे असल्याने त्यांच्यापुढचे मार्ग मर्यादित होते. मराठी अनुवादकाला तशी सबब नाही. रातांधळ्या पांथस्थाच्या गाथेत त्याने ‘सासूबाई’ असे लिहिले तर ते छायेशी इमान राखणारे होईल. ‘आत्याबाई’ असे लिहिले तर शहरी वाचक क्षणभर बुचकळ्यात पडेल, आत्या या घरात कशी आली असे विचारील, आणि मग त्याला त्या घरातल्या अंथरुणांची मांडणी निराळी दिसू लागेल. जोगळेकरांच्या आवृत्तीला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. पुढच्या मराठी अनुवादकाला पहिली निवड कदाचित याच एका शब्दापाशी करावी लागेल.